अबोला आणि मौन

दहा दिवस मौनात राहायला इगतपुरीला निघालो, तेव्हा ही हसून म्हणाली, "तुम्हाला काय अवघड आहे? घरात सहा वर्षं तेच तर चाललंय!"

रोख आण्णांकडे होता. वाटणीवरून थोरल्या भावाशी माझा अबोला. जिना एक, नळ एक, निरोप मुलांकरवी.

रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो, पहाटे कल्याणला गाडी बदलली आणि कसारा घाट चढून इगतपुरी गाठली. तिथलं धम्मगिरी केंद्र १९७६ पासूनचं. मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि १९६९ मध्ये भारतात आले. २०१३ साली ते गेले; शिबिरात आजही त्यांचाच ध्वनिमुद्रित आवाज शिकवतो. शुल्क नाही. शिबिर पुरं केल्यावर वाटलं तर दान द्यावं.

मोबाईल, पुस्तकं, पेन आल्याआल्या जमा झालं. पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी दहा तास बैठक. संध्याकाळी पाचला नव्या साधकाला चहा-फळं, मग रात्री काही नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेल्या सोलापूरकराची खरी परीक्षा ही!

त्यामानानं बोलणं सोडणं सोपं. खाणाखुणाही करायच्या नाहीत. अडलंच तर आचार्यांना किंवा व्यवस्थापकांना विचारायचं. पण तोंड मिटलं आणि आत यंत्रमाग सुरू झाला. आमच्या पूर्व भागातल्या खटखटीत मला झोप लागते, या खटखटीत लागेना. पहिले तीन दिवस फक्त येता-जाता श्वास पाहायचा. मी पाहत होतो आण्णांना. ते काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणेन. दोन्ही बाजूंचा वकील मीच. अबोल्याच्या सहा वर्षांत मी घटकाभरही गप्प नव्हतो, हे तिथं कळलं.

चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना पाहत जायचं, आणि काही बैठकींत तासभर हातपायही हलवायचे नाहीत. गुडघे असे ठणकले की पाचव्या दिवशी मी पिशवी भरून ठेवली. सहाव्या दिवशी केव्हातरी त्या ठणक्याकडे नुसतं पाहत राहिलो. तो वाढला, पसरला, ओसरला. चमत्कार वगैरे काही नाही. पुढच्या बैठकीला पुन्हा हजर! मी मात्र हललो नाही. (कुणाला गंभीर मानसिक आजार असेल तर माझं ऐकून जाऊ नये. अर्जात त्याची विचारणा असते; तिथं खरं लिहावं आणि आधी डॉक्टरांना विचारावं.)

दहाव्या दिवशी मौन सुटलं. सगळे भडाभडा बोलू लागले. मला माझा आवाजच सापडेना.

घरी पोहोचलो तो पाण्याचा दिवस होता. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे नळावर गाठ पडतेच. एरवी आण्णा वर गेल्याशिवाय मी खाली उतरत नसे. त्या दिवशी बादली घेऊन शेजारी उभा राहिलो.

"आण्णा, झालं की सांगा."

त्यांनी वर पाहिलं नाही. बादली भरली, बाजूला सरकवली.

"लाव तुझी," म्हणाले.

वाटणीचं अजून तिथंच अडलंय. पाणी मात्र एकाच वेळी भरतो.