दुर्बल हृदय आणि घरचा पहारेकरी

'हार्टफेल झालें' असें म्हटलें कीं, माणूस गेला असाच अर्थ आपल्याकडे घेतला जातो. त्यामुळें डॉक्टरांनीं कागदावर 'हार्ट फेल्युअर' हे शब्द लिहिले म्हणजे घरांत एकच आकांत होतो. आणि चार दिवसांनीं रुग्ण हिंडूंफिरूं लागला कीं, डॉक्टरांचेंच कांहीं चुकलें असावें असें समजून औषधें मागें पडतात. दोन्ही समजुती घातक आहेत. या विकारांत हृदय बंद पडत नाहीं; शरीरास लागणारें रक्त पुरविण्याची त्याची शक्ति उणी पडते. मग अंगांत पाणी व मीठ सांचूं लागतें, पायांवर सूज येते, जिना चढतांना धाप लागते, आडवें झालें कीं श्वास कोंडतो. विकार बहुधा जन्मभर सोबत करणारा आहे. मात्र औषध, पथ्य व नित्याची दक्षता यांनीं त्याला पुष्कळ ताब्यांत ठेवतां येतें. तो केवळ अतिवृद्धांचाच आहे असेंही नव्हे. तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांत २०१३ सालीं अशा १२०५ रुग्णांची नोंद झाली, त्यांचें सरासरी वय ६१ होतें.

प्रकृति बहुधा एकाएकीं ढांसळत नाहीं, ही गोष्ट घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी. मध्यरात्रीं इस्पितळाची वाट धरावी लागते, त्याच्या पूर्वीं पुष्कळदां कित्येक दिवस शरीरांत पाणी सांचत असतें. तें डोळ्यांस दिसत नाहीं, पण वजनाच्या कांट्यास दिसतें. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढलें, तर डॉक्टरांस त्याच दिवशीं कळवावें, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण दंडक आहे. वेळीं कळलें तर पुष्कळदां औषधाची मात्रा बदलून काम भागतें. तेव्हां खरा प्रश्न हा कीं, घरच्या कांट्यावरचा आंकडा योग्य माणसापर्यंत योग्य वेळीं कसा पोंचावा?

तारेवरून हृदयाची वार्ता पाठविण्याची कल्पना नवी नाहीं. हॉलंडांतील लायडेन येथें आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञानें १९०५ सालीं रुग्णालयांतील रोग्याच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेनें सुमारें दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेंत उतरवून घेतला. आज वजनाचा कांटा, रक्तदाबाचें यंत्र, बोटास लावून रक्तांतील प्राणवायु मोजणारा चिमटा हीं साधनें सहज विकत मिळतात, आणि त्यांचे आंकडे खिशांतल्या मोबाईलवरून क्षणांत कोठेंही जातात. परंतु साधन घरांत आलें म्हणजे काम झालें असें नाहीं. दोन मोठ्या प्रयोगांवरून हें स्पष्ट होतें.

यंत्रापलीकडचा माणूस

पहिला प्रयोग अमेरिकेंतील. त्याचा वृत्तांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला. इस्पितळांतून नुकत्याच सुटलेल्या १६५३ रुग्णांपैकीं सुमारें निम्म्यांस रोज एका क्रमांकावर फोन करावयास सांगितलें होतें. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज प्रश्न विचारी, रुग्णानें बटणें दाबून वजन व लक्षणें कळवावयाचीं, आणि वैद्यकीय मंडळींनीं कामाच्या दिवशीं तीं पाहावयाचीं, अशी योजना होती. सहा महिन्यांअखेर मृत्यु आणि पुन्हां भरती या बाबतींत दोन्ही गटांत फरक आढळला नाहीं. सुमारें १४ टक्के रुग्णांनीं तर एकदांही फोन केला नाहीं, आणि अखेरच्या आठवड्यांत निदान तीनदां फोन करणारे ५५ टक्केच उरले.

दुसरा प्रयोग जर्मनींतील, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला. त्यांत १५७१ रुग्ण घेतले होते. दूरदेखरेखीच्या गटास वरील साधनें व हृदयाचा आलेख काढण्याचें यंत्र घरीं दिलें. विशेष हा कीं, बर्लिनच्या केंद्रांत डॉक्टर व परिचारिका अहोरात्र हजर असून आंकडे पाहत व रुग्णाशीं बोलत. हृदयविकारामुळें अकस्मात् इस्पितळांत पडून अथवा मृत्यूमुळें वर्षाकाठीं गमावलेले दिवस, नेहमींच्या उपचारांच्या गटांत सरासरीनें २४.२, तर या गटांत १७.८ भरले. मृत्यूचें प्रमाणही कमी आढळलें, आणि लाभ खेड्यांतील व शहरांतील रुग्णांस सारखाच झाला. दोन्ही प्रयोगांतील रुग्ण व काळ भिन्न होते हें खरें. तथापि आंकडा वाचून लगेच उत्तर देणारें माणूस असल्यावांचून यंत्राचा उपयोग थोडा, असा बोध आम्ही यांतून घेतों.

शुश्रूषेचा भार

चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाद सांगितले, त्यांत वैद्य, औषध व रोगी यांच्या बरोबरीनें परिचारकास स्थान दिलें. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ तर 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. आपल्या घरांत हें ऐकण्याचें काम बहुधा एकट्या पत्नीच्या किंवा सुनेच्या वांट्यास येतें. गोळ्या तिनें द्यावयाच्या, बिनमिठाचें तिनें रांधावयाचें, रात्रीं श्वासाची चाहूल तिनेंच घ्यावयाची. आणि दुखणें वाढलें तर बोलही तिलाच. तिची झोप व प्रकृति यांची विचारपूस कोण करतो?

अमेरिकेंत माजी सैनिकांपैकीं अशा रुग्णांवर झालेला आणि २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथें उपयोगी आहे. त्यांत रुग्णाच्या घराबाहेर राहणाऱ्या एका आप्तास किंवा मित्रास सोबती नेमलें. दर आठवड्यास फोनवरून रुग्णाची माहिती घेऊन तिचा सारांश व काय करावें याची सूचना या सोबत्यास धाडीत. ज्या सोबत्यांवर मुळांत अधिक ताण होता, त्यांचा ताण विशेष हलका झाला.

आमच्या कुहीसारख्या गांवीं ही गोष्ट विशेष मनावर घेण्याजोगी आहे. हृदयरोगतज्ज्ञ गांठावयाचा तर सुमारें ४० किलोमीटरवरील नागपूर. आणि मुलें नागपुरास, पुण्यास किंवा परदेशीं. बर्लिनसारखें केंद्र आपल्यापाशीं नाहीं. परंतु एकत्र कुटुंब विखुरलें तरी फोनच्या योगानें त्याला पुन्हां कामास लावतां येतें. सरकारच्या २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक नियमांनीं, ठराविक अटींवर, रुग्णाच्या वतीनें शुश्रूषा करणाऱ्यास डॉक्टरांशीं बोलण्याची मुभा दिली आहे. ई-संजीवनी या सरकारी सेवेंतूनही घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो.

घरोघर काय करावें

रोज सकाळीं शौचानंतर, खाण्यापूर्वीं, सारख्याच कपड्यांत, त्याच कांट्यावर वजन करावें. वजन, नाडी, रक्तदाब, सूज व रात्रीं लागलेल्या उशांची संख्या वहींत टिपावी व पानाचें छायाचित्र पाठवावें. तें सबंध कुटुंबाच्या गटावर टाकूं नये. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे. बाहेरगांवच्या एका मुलानें किंवा मुलीनें तें पाहण्याचें व त्याच दिवशीं उत्तर देण्याचें पत्करावें. किती वजन वाढल्यास कोणास फोन करावयाचा, हें डॉक्टरांकडून आधींच लिहून घ्यावें. औषधें संपण्यापूर्वीं मागविण्याचें कामही बाहेरच्यानेंच करावें.

पापड, लोणचें, सांडगे, कुरडया यांत मीठ फार असतें. सैंधवही मीठच आहे. उपवासास चालतें म्हणून तें हृदयास चालत नाहीं. 'कमी सोडियम' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठांत पुष्कळदां पोटॅशियम असतें आणि कांहीं हृदयौषधांबरोबर तें अपाय करतें. डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. गुडघेदुखीवर इबुप्रोफेनसारख्या गोळ्या आपल्या मनानें घेणेंही धोक्याचें, कारण त्यांनीं अंगांत पाणी सांचतें. फोनवर फिरणारे रामबाण उपाय तर दुरूनच नमस्कारावे.

छातींत कळ येणें, बसल्याजागीं धाप लागणें, शुद्ध हरपणें, ओठ निळसर होणें, यांपैकीं कांहींही दिसलें तर आंकड्यांत वेळ न दवडतां १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

परगांवीं असलेल्या मुलांस आमचें एक सांगणें आहे. पैसे पाठविणें हें कर्तव्य खरेंच. पण वडिलांच्या वजनाचा आंकडा रोज पाहावा, आणि तो पाठविणाऱ्या वहिनीस किंवा आईस आठवड्यांतून एकदां स्वतः फोन करून, 'काल रात्रीं तुला झोप लागली का?' असेंही विचारावें.