एका तासाचा शेजार

युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात डोंगरी गोरिला पाहायचे तर परदेशी पाहुण्याला ८०० डॉलरचं परमिट काढावं लागतं. आपल्या पैशांत सत्तर हजारांच्या आसपास. सीमेपलीकडे रवांडात हाच दर १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. विमान, राहणं-खाणं, जीप हे सगळं वेगळं. एवढं मोजून मिळतं काय, तर एक तास. घड्याळ लावून साठ मिनिटं. तास भरला की वाटाड्या निघायची खूण करतो आणि तिथे घासाघीस चालत नाही. मग गोरिलाचं पिल्लू नेमकं त्याच क्षणी आईच्या पोटावर उड्या मारायला लागलेलं का असेना!

ताडोब्याची सफारीच महागली म्हणून कुरकुरणाऱ्या मराठी माणसाला हा दर ऐकून आधी घाम फुटतो आणि मग राग येतो. राग समजण्यासारखा आहे. पण हा तास विकायला काढला नसता, तर आज पाहायला गोरिला उरले असते की नाही, याचीच शंका आहे. आणि तो विकताना काही माणसांच्या पदरात काहीच पडलं नाही, हेही तितकंच खरं.

डोंगरी गोरिला जगात दोनच ठिकाणी आहेत. एक, रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमा जिथे मिळतात ती विरुंगा ज्वालामुखींची रांग. दुसरं ब्विंडी. दोन्हींमध्ये अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचं, पण मधल्या टेकड्या माथ्यापर्यंत शेतांनी भरलेल्या. त्यामुळे इकडचा गोरिला तिकडे जाऊ शकत नाही. हे गोरिला कुठल्याही प्राणिसंग्रहालयात नाहीत. म्हैसूरला पाहिलेले गोरिला आठवत असतील, तर ते पश्चिम आफ्रिकेकडच्या सखल जंगलातले, वेगळ्या जातीचे.

बाहेरच्या जगाला या प्राण्याची ओळख झाली ती बंदुकीच्या नळीतून. १७ ऑक्टोबर १९०२ रोजी रॉबर्ट फॉन बेरिंगे या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने सबिन्यो ज्वालामुखीवर दोन गोरिला मारले. त्यातल्या एकाचे अवशेष बर्लिनला गेले आणि प्राण्याच्या शास्त्रीय नावात मारणाऱ्याचंच नाव चिकटलं. पुढे १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी कार्ल एकली आले. त्यांच्या मोहिमेनेही पाच गोरिला मारले, पण या माणसाचं मन पालटलं. त्यांनी बेल्जियमच्या राजाकडे पाठपुरावा केला आणि १९२५ मध्ये आफ्रिकेतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान विरुंगात झालं. पुढच्याच वर्षी एकली पुन्हा आले, आजारी पडले आणि मिकेनो डोंगराच्या उतारावर वारले. तिथेच त्यांना पुरलं. त्यांनी नेलेले गोरिला न्यूयॉर्कमध्ये काचेमागे अजून उभे आहेत.

डायन फॉसी यांचं नाव बहुतेकांना माहीत असतं, निदान त्यांच्यावरच्या १९८८ च्या सिनेमामुळे. १९६७ मध्ये त्यांनी कारिसिंबी आणि बिसोके या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीत गोरिलांच्या अभ्यासासाठी तळ ठोकला. त्यांचा लाडका गोरिला डिजिट १९७७ च्या अखेरच्या दिवशी शिकाऱ्यांनी मारला. १९८५ च्या डिसेंबरात त्यांचाही खून झाला. त्यांच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यामुळे इथे थोडक्यात आटोपतो. मला त्याच काळातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ती सिनेमासारखी नाही, हिशोबाच्या वहीतली आहे.

१९६९ मध्ये रवांडाने आपल्या उद्यानातली सुमारे १०,००० हेक्टर जमीन, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के, तोडून शेतीला दिली. पीक होतं पायरेथ्रम. शेवंतीच्या कुळातलं हे फूल. त्यापासून कीटकनाशक बनतं आणि त्याला तेव्हा युरोपात मागणी होती. मग दहाएक वर्षांनी आणखी ५,००० हेक्टर जंगल काढून गुरं पाळायची योजना आली. विरुंगातले गोरिला तोवर अडीचशेवर येऊन ठेपले होते. १९८१ च्या गणतीत ते २५४ भरले. एमी वेडर आणि बिल वेबर हे तरुण अमेरिकन जोडपं तेव्हा तिथे अभ्यासाला होतं. 'गोरिला वाचवा हो' अशी विनवणी गरीब देशाच्या सरकारपुढे किती काळ टिकणार, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी उलट प्रस्ताव मांडला: गुरांपासून मिळेल त्यापेक्षा जास्त पैसा पर्यटक देतील, जंगल उभं ठेवा. फॉसी यांना ही कल्पना अजिबात पसंत नव्हती. जंगलात पर्यटक आणणं म्हणजे संकटाला आवतण, असं त्यांचं मत. पण १९७९ मध्ये प्रकल्प सुरू झाला आणि गुरांची योजना बारगळली.

फॉसी चुकीच्या होत्या असं मात्र म्हणवत नाही. ते पुढे येईलच.

पर्यटकाला गोरिला दिसतात, कारण त्यांना माणसाची सवय लावलेली असते. हे काम दोन-तीन वर्षं चालतं. माग काढणाऱ्यांची तीच ती टोळी रोज त्याच कुटुंबाजवळ जाते. सुरुवातीला कुटुंबप्रमुख, म्हणजे पाठीवर चंदेरी केस आलेला मोठा नर, ज्याला सिल्व्हरबॅक म्हणतात, तो किंचाळत अंगावर धावून येतो. माणसांनी तेव्हा पळायचं नाही. खाली बसायचं, मान खाली घालायची, हाताला येईल तो पाला तोडून खाण्याचं सोंग करायचं. दोनशे किलोच्या आसपासचं जनावर समोर थयथयाट करत असताना बसून राहणं ही नोकरी आहे, आणि ती माणसं महिन्याच्या पगारावर ती करतात. हळूहळू नराच्या लक्षात येतं की हे दोन पायांचे प्राणी निरुपद्रवी आणि बहुधा थोडे मंद आहेत. मग तो त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. आपण डॉलर मोजतो ते या दुर्लक्षाचे.

प्रत्यक्ष दिवस सुरू होतो तो पर्यटक नाश्ता करत असताना. माग काढणारे उजाडताच निघतात आणि काल संध्याकाळी कुटुंब जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू लागतात. आधी सापडतात त्या रात्रीच्या गाद्या. प्रत्येक मोठा गोरिला रोज रात्री फांद्या आणि पाला मुडपून नवी गादी करतो. लहान पिल्लं आईजवळ झोपतात. कालची गादी आज कोणी वापरत नाही, आणि का वापरत नाही ते पाहिल्यावर कळतं. सकाळी उठण्याआधी बहुतेक जण तिथेच विष्ठा करून निघतात. जाणकार त्यावरून अख्खं कुटुंब वाचतो: लेंड्यांचा आकार मोठा आणि गादीत चंदेरी केस चिकटलेले म्हणजे सिल्व्हरबॅक, मोठ्या लेंड्यांच्या शेजारी बारीक म्हणजे लेकुरवाळी मादी. गणतीही अशीच होते. गाद्या मोजतात, विष्ठेचे नमुने घेतात आणि त्यांतल्या डीएनएवरून कोणी दोनदा मोजला गेला नाही ना, ते ताडून पाहतात. माणसाळलेल्या गोरिलांची नोंद मात्र नाकावरून ठेवतात. नाकपुड्यांवरच्या सुरकुत्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते.

वॉकीटॉकीवर निरोप आला की आठ-आठ पाहुण्यांचे गट निघतात. एका कुटुंबाला दिवसातून एकच गट. कधी तासाभरात भेट होते, कधी दुपार उलटते. ब्विंडीच्या इंग्रजी नावातच 'अभेद्य' हा शब्द आहे आणि तो जाहिरातीसाठी घातलेला नाही. उतार अंगावर येणारा, पायाखाली माती नाहीच. वेली, नेचे आणि कुजक्या फांद्यांचा थर, त्यात पाय गुडघ्यापर्यंत जातो. नेटलचा पाला पँटमधूनसुद्धा आग लावतो. मुंग्या चढू नयेत म्हणून पँट मोज्यात खोचायची, हातात बागकामाचे मोजे घालायचे. सोबत स्थानिक हमाल मिळतो, साधारण वीस डॉलरला. पाठीवर ओझं नसलं तरी हमाल घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. चढावर तो हात देतो हे आहेच, पण या सगळ्या व्यवहारात गावातल्या माणसाच्या हातात थेट पडणारा पैसा हाच. कधीकाळी चोरून शिकार करणारेही आज हे काम करतात. कोणाला चालवेनासंच झालं, तर हीच मंडळी डोलीत घालून उचलून आणतात. तिला थट्टेने 'आफ्रिकन हेलिकॉप्टर' म्हणतात.

कुटुंब जवळ आलं की पिशव्या, काठ्या, खाऊ मागे ठेवायचा आणि मास्क लावायचा. वाटाड्या घसा खाकरल्यासारखा खोल हुंकार देतो. त्या बोलीत त्याचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असा. पलीकडून तसाच हुंकार आला की पाने बाजूला सारायची. पहिल्यांदा बहुतेकांना गोरिला दिसत नाही, ऐकू येतो: देठं मोडण्याचा कडकडाट, चावण्याचा आवाज आणि, लिहायला संकोच कशाला, पादण्याचा. दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवा पाला पोटात आंबत असल्यावर दुसरं काय होणार!

मग तो दिसतो. जंगली सेलरीचा दांडा दातांनी सोलून आतला गर खाणारा, आपल्याकडे ढुंकूनही न बघणारा. त्याच्या डोळ्यांत रोखून पाहायचं नाही, ते आव्हान समजलं जातं. छाती पिटताना तो मुठी वापरत नाही, तळवे किंचित खोलगट करून मारतो. आवाज दूरवर जातो आणि त्यातून समोरच्याला अंगाचा अंदाज येतो. मोठ्या देहाच्या नराचा आवाज अधिक खर्जातला असतो, असं संशोधकांनी नोंदवलंय. म्हणजे मारामारी टाळण्यासाठीची ही सोय. पिल्लांना असली समज नसते. ती आपल्याकडे उत्सुकतेने येतात आणि तेव्हा मागे सरायचं असतं आपण. सात मीटर, आता बऱ्याच ठिकाणी दहा मीटर, एवढं अंतर राखायचा नियम आहे.

हा नियम आपल्या जिवासाठी कमी, त्यांच्यासाठी जास्त आहे. माणसाचा आणि गोरिलाचा डीएनए जवळपास ९८ टक्के सारखा. आपलं साधं पडसं त्यांच्यात न्यूमोनिया होऊन पसरू शकतं. सर्दी-खोकला असलेल्याला सकाळीच परत पाठवतात, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत, तास वाढवत नाहीत, ते याचसाठी. १९९६ मध्ये ब्विंडीत एका गोरिला कुटुंबाला खरूज झाली, अंगावरचे केस गळाले, एक पिल्लू दगावलं. युगांडाच्या पहिल्या वन्यजीव पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी बाकीच्यांवर उपचार केले. संशय गेला शेतातल्या बुजगावण्यांवर. त्यांच्या अंगावर खरजेने ग्रासलेल्या घरांतले जुने कपडे होते, आणि माणसाची भीती गेलेले गोरिला केळीच्या बागांत शिरत होते. कलेमा-झिकुसोका यांनी यातून सरळ निष्कर्ष काढला: गोरिला निरोगी हवे असतील तर गावाला दवाखाना हवा. २००३ पासून त्यांची संस्था दोन्ही कामं एकत्र करते.

माणसाची भीती जाण्याचा दुसरा धोकाही आहे. २०२० च्या जूनमध्ये, कोरोनामुळे पर्यटन बंद असताना, ब्विंडीतल्या एनकुरिंगो कुटुंबाचा प्रमुख राफिकी भाल्याने मारला गेला. मारणारा छोट्या जनावरांच्या शिकारीला शिरला होता. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. काँगोच्या बाजूला तर सशस्त्र टोळ्यांनी विरुंगा उद्यानातले दोनशेहून अधिक वनरक्षक मारले आहेत. सर्वांत स्वस्त परमिट तिथलंच होतं, पण आज तिकडे जाण्याचा विचारही करू नये. खुद्द ब्विंडीतही १ मार्च १९९९ रोजी बंडखोरांनी सीमा ओलांडून आठ परदेशी पर्यटकांना ठार केलं होतं. त्यानंतर तिथे लष्कराचा बंदोबस्त आहे.

आता ज्यांच्या पदरात काही पडलं नाही, त्यांच्याविषयी. बाट्वा हे या जंगलाचे मूळ रहिवासी. मध, कंद आणि छोट्या शिकारीवर जगणारे. गोरिलाची शिकार ते करत नसत. १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांना बाहेर काढलं. शेती करणाऱ्यांना थोडीफार भरपाई मिळाली. बाट्वांकडे दाखवायला सातबारा नव्हता, त्यामुळे बहुतेकांना काहीच नाही. आता ते गावाच्या कडेला राहतात आणि पर्यटकांना पैसे घेऊन 'पूर्वी आम्ही आग अशी पेटवत होतो' हे करून दाखवतात. २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, भरपाईचा प्रश्न मात्र खालच्या न्यायालयाकडे गेला. उद्यानाच्या प्रवेश शुल्कातले वीस टक्के गावांना मिळतात, रवांडात उत्पन्नाचे दहा टक्के. त्यातून शाळा आणि रस्ते होतात. ज्याची केळी गोरिलाने खाल्ली, त्याच्या घरात त्यातलं किती येतं हा निराळा प्रश्न. मेळघाटातून उठवलेल्या गावांची हकिकत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

जायचं ठरवलंच तर दोन गोष्टी. कोरडा मोसम जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी; परमिट काही महिने आधी घ्यावं. आणि पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. दाखला नसेल तर परतताना भारतातच विलगीकरणात बसावं लागतं. एंटेब्बेहून ब्विंडी आठ-दहा तासांचा रस्ता, किगालीहून जवळ. वाटेत चपातीत ऑम्लेट गुंडाळून देणारे ठेले लागतात. ही चपाती तिथे भारतीयांनी नेली. त्यांत रेल्वेचे मजूर होते, गुजराती दुकानदार होते आणि सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारे गोंयकारही. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने त्यांना हाकललं, चपाती राहिली.

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत डोंगरी गोरिला 'अतिसंकटग्रस्त'वरून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' झाला. ताज्या गणत्यांनुसार विरुंगात ६०४ आणि ब्विंडीत ४५९, मिळून १,०६३. महावानरांत संख्या वाढणारा हाच एक. पण वाढून राहणार कुठे? विरुंगाच्या काही भागांत कुटुंबं दाटीने राहू लागली, तशा त्यांच्या आपसांतल्या चकमकी वाढल्या आणि त्यात पिल्लं मारली जाऊ लागली. म्हणून रवांडाने आता उद्यान सुमारे २३ टक्क्यांनी वाढवायचं ठरवलंय. वाढणार ते शेतांकडे, आणि तिथे आज हजारो कुटुंबं राहतात. त्यांना नवी घरं देण्याचं सरकारने कबूल केलं आहे. ज्वालामुखीची ती काळी माती बटाट्याला फार चांगली. ती सोडून नव्या घरात जाणं म्हणजे काय, ते कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारावं.