अहवालात मुलाची झेप दिसत नाही

सांगलीला लागून असलेल्या माधवनगरसारख्या गावात मूल अडीच वर्षांचं होऊनही बोलेना, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणत घरचे धीर देतात. पुष्कळदा ते खरंही ठरतं. काही मुलांच्या बाबतीत मात्र गुणसूत्राचा एखादा तुकडाच गळालेला असतो. जुन्या कॅरियोटाइप तपासणीत असे बारीक तुकडे निसटतात, मायक्रोॲरे या नव्या तपासणीत सापडतात. म्हणून विकास मंदावलेल्या मुलांसाठी हीच तपासणी आधी करावी, अशी शिफारस तज्ज्ञांनी २०१० मध्ये केली. अहवाल आला की पालक विचारतात, ‘हा शिकेल ना?’ त्या कागदावरून याचं उत्तर कुणीही देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. बाविसाव्या गुणसूत्रावरचा, बहुधा डीएनएच्या तीस लाख अक्षरांचा तुकडा नसलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सत्तरच्या आसपास भरतो; पण आईवडिलांचा जास्त असेल तर मुलाचाही त्या मानाने जास्त, असा कल अभ्यासांत दिसतो. तुकडा गेला तरी उरलेला वारसा काम करतच असतो.

शिवाय एका आकड्यात मूल मावत नाही. सातव्या गुणसूत्रावरची २५ ते २८ जनुकं गळाली की विल्यम्स सिंड्रोम होतो. छोट्या ‘वाय’ अक्षरांनी रेखलेला मोठा ‘डी’ या मुलांपुढे ठेवला, तर अनेकजण कागदभर सुटे ‘वाय’ काढतात. ‘डी’चा आकार उमटतच नाही. गोष्ट सांगायला लावा, मग शब्दांना तोटा नसतो. पाचव्या गुणसूत्राचा तुकडा नसलेल्या मुलांचं वर्णन जेरोम लेजेन यांनी १९६३ मध्ये केलं. संस्थांत वाढलेल्या अशा मुलांवरून पुढे फार निराश अंदाज बांधले गेले. घरी वाढलेली मुलं पाहिल्यावर ते बदलावे लागले. यांतल्या अनेकांना बोलता येतं त्याहून बरंच अधिक समजतं.

इलाज नाही तर महागडी तपासणी कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो, पण अपुरा आहे. बाविसाव्या गुणसूत्राचा दोष कळला की हृदय, टाळू, कान तपासता येतात. रक्तातलं कॅल्शियम उतरून झटके येण्याआधी सावध होता येतं. मोठेपणी मानसिक आजाराचा धोका बराच वाढतो, म्हणून तिकडेही लक्ष ठेवता येतं. तपासणी परवडत नसेल तरी हात बांधले जात नाहीत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासून, गरज दिसली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडावं, अशी योजना आहे. अंगणवाडीताईंना शंका आली, तर कानाची तपासणी आणि वाचाउपचार लगेच सुरू करावेत. अहवाल मागाहून आला तरी चालेल.