आजारी मूल आणि अठराव्या शतकातील लंडनचे वैद्यक

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तान्ह्या मुलाच्या आजारात लक्ष घालणे हे बराच काळ शिकलेल्या डॉक्टरांचे काम मानले जात नव्हते. ज्याला बोलता येत नाही त्याला काय होते आहे हे कळणार कसे, या सबबीवर ते आई, दाई आणि शेजारपाजारच्या जाणत्या बायकांवर सोपवले जाई. निदानाचा मुख्य आधार रुग्णाने सांगितलेली हकीकत हाच होता आणि छातीतला आवाज ऐकण्याचा स्टेथोस्कोप १८१६ साली आला, हे ध्यानात घेतले तर सबब अगदीच पोकळ नव्हती. पण तिचे परिणाम मुलांना भोगावे लागले.

लहान मुलांचे बहुतेक विकार पोटातील आम्लामुळे होतात, हे वॉल्टर हॅरिस या इंग्रज डॉक्टरांनी १६८९ मध्ये मांडलेले मत पुढे कित्येक दशके प्रमाण मानले गेले आणि त्यानुसार खडूची किंवा शिंपल्यांची भुकटी दिली जाई, जी निदान फारशी अपायकारक नव्हती. हिरड्यांचे मात्र तसे नव्हते. ताप, जुलाब, आकडी यांचे खापर उगवत्या दातांवर फोडले जाई, लंडनच्या मृत्युनोंदींतही ‘दात’ हे मृत्यूचे स्वतंत्र कारण असे. आणि दाताला वाट मिळावी म्हणून बाळाची हिरडी लॅन्सेटने, म्हणजे बारीक धारदार शस्त्राने, चिरली जाई. रडणे थांबावे म्हणून पाजले जाणारे ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ हे काकवीने गोड केलेले अफूचे औषध होते, आणि त्याने कायमची झोपी गेलेली मुले थोडी नव्हती.

या पार्श्वभूमीवर जॉर्ज आर्मस्ट्राँग या डॉक्टरांनी १७६९ मध्ये लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमध्ये गरिबांच्या मुलांसाठी मोफत दवाखाना उघडला. त्यात खाटा नव्हत्या. आईने मूल आणावे, डॉक्टरांनी तपासून औषध द्यावे आणि मुलाने घरी परतावे, अशी त्याची रीत होती. यामागे पैशाची अडचण होती तसाच पक्का विचारही होता: आजारी मुलाला आईपासून तोडले तर ते खचते, प्रत्येक मुलासोबत आईला ठेवावे तर तिचे आणि परिचारिकांचे पटत नाही, आणि एकत्र ठेवलेल्या मुलांत संसर्ग पसरतो. आर्मस्ट्राँग यांची औषधे काळाच्या पुढची नव्हती. अँटिमनी या विषारी द्रव्याचे वाइनमध्ये केलेले वांतीचे औषध ते सर्रास देत. पण मुलाचे मन हाही उपचाराचाच भाग आहे ही त्यांची समज त्या काळात विरळा होती, आणि त्यांचे खरे मोठेपण तिच्यातच आहे.

सुमारे १२ वर्षांत जवळपास ३५,००० मुलांवर उपचार करून हा दवाखाना १७८१ मध्ये बंद पडला. मुलांसाठी खाटांचे रुग्णालय लंडनला ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर १८५२ मध्ये मिळाले. तरीही रुग्णालयातील मुलाला आईवडिलांनी हव्या त्या वेळी भेटावे, अशी शिफारस ब्रिटनमधील प्लॅट समितीला १९५९ मध्येही करावी लागली.