विश्लेषण : जुन्या ‘व्हीटेक’ला नवा ईसीयू, बसवणे सोपे, जुळवणे अवघड का?

अंधेरी, घाटकोपरच्या गॅरेजांबाहेर वीस-बावीस वर्षे जुनी होंडा सिटी व्हीटेक अजूनही उभी दिसते. १५०० सीसी, १०६ अश्वशक्ती. आजच्या टर्बो गाड्यांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण वरच्या फेऱ्यांत बदलणारा तिचा आवाज ज्यांनी ऐकला आहे ते गाडी विकत नाहीत. मूळ ईसीयू बिघडला किंवा कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट बदलला, की विषय निघतो बाहेरचा ईसीयू बसवण्याचा.

ईसीयू करतो काय?

किती पेट्रोल सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो. एक्सेलची शीट डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला इंजिनाच्या फेऱ्या, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. हाच ‘मॅप’. नव्या गाड्यांत तो लॅपटॉप जोडून बदलता येतो, त्याला रिमॅप म्हणतात. २०००च्या आसपासच्या अनेक गाड्यांत ही सोय नाही. मग उरतो पिगीबॅक, म्हणजे मूळ ईसीयूला सेन्सरचे फेरफार केलेले संकेत देणारा डबा. नाहीतर स्टँडअलोन, म्हणजे मूळ ईसीयूची जागाच घेणारा. ऑस्ट्रेलियाचे हॅलटेक, न्यूझीलंडचे लिंक ही त्यातली परिचित नावे. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी २००१ मध्ये आणलेले मेगास्क्वर्ट तर हौशी लोक घरी सोल्डरिंग करून जोडत.

मग अडते कुठे?

स्टँडअलोनला सगळे नव्याने शिकवावे लागते. थंड इंजिन सुरू करणे, रेडिएटरचा पंखा, एसीचा भार, सगळेच. डायनोवर ताकद वाढवून आणलेली गाडी जोगेश्वरीच्या जाममध्ये एसी लावताच बंद पडते, ती यामुळेच. ताकदीचा आलेख सगळे दाखवतात. आयडल जुळवण्यात गेलेल्या तासांचा फोटो कोणी टाकत नाही.

दुसरा मुद्दा पेट्रोलचा, आणि माझ्या मते आज तोच सर्वांत महत्त्वाचा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे ई-२० मध्ये तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावे लागते. २०१४ मध्ये देशात मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. आता पंपावर २० टक्के आहे. गाडी शांत चालवताना ऑक्सिजन सेन्सर फरक भरून काढतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मात्र बहुतेक जुन्या गाड्या सेन्सरचे न ऐकता मॅपमधला आकडाच वापरतात. दहा वर्षांपूर्वी काठावर जुळवलेला मॅप त्या क्षणी इंधन कमी देतो. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने नॉकिंगपासून थोडे संरक्षण मिळते, पण त्यावर विसंबून पिस्टन पणाला लावू नये. जुना मॅप असलेली गाडी घेत असाल तर वाइडबँड सेन्सर लावून तो पुन्हा तपासून घ्या. रबरी नळ्या आणि सीलही त्याच वेळी पाहा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, उत्पादकाने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच ठामपणे सांगितले. ‘आरसीवर ईसीयूचा उल्लेखच नसतो,’ हे गॅरेजवाल्यांचे उत्तर ठरलेले. पण कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. उत्सर्जनाचे नियम वेगळे. पीयूसीची नळी उभ्या गाडीला लागते, त्यामुळे पूर्ण वेगातला धूर तिथे दिसत नाही. म्हणून तो नियमात बसतो असे नाही. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर दावा अडकू शकतो. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यतींसारख्या ठिकाणी ही हौस भागवता येते, पण तिथवर रस्त्यानेच जाणार असाल तर हे सगळे नियम लागू आहेतच.

आणखी एक, खास मुंबईसाठी. बऱ्याच जुन्या गाड्यांत ईसीयू डॅशबोर्डखाली, पायाजवळ असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा असे कित्येक ईसीयू पाण्यात गेले. नवा बसवताना तो वर चढवून घ्या, मूळ वायरिंग कापू न देता मधे ॲडॉप्टर लावायला सांगा आणि जुना ईसीयू चालू असेल तर कोरड्या जागी जपून ठेवा. पुन्हा नोंदणीसाठी बोरिवली किंवा अंधेरी आरटीओत जायची वेळ येईल, तेव्हा तो लागेल.