पश्चात्ताप की मनपालट?

वर्ध्यात 'हृदयपरिवर्तन' हा शब्द ऐकतच आम्ही मोठे झालो. अस्पृश्यता हे पाप, सवर्णांनी त्याचे प्रायश्चित्त घ्यावे, हा गांधीजींचा आग्रह. १९२८ साली जमनालाल बजाजांनी येथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. दार उघडले हे खरे. पण मन बदलले काय? हा प्रश्न एका ग्रीक क्रियापदाने मला नव्याने विचारला.

ते क्रियापद 'मेतानोएओ'. मार्काच्या शुभवर्तमानात येशूच्या पहिल्याच घोषणेत ते येते. मराठी बायबलात त्यासाठी 'पश्चात्ताप करा' हे शब्द रूढ आहेत. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. मूळ शब्दात ताप नाही. 'मेता' येथे बदल दाखवतो. 'नोएओ' म्हणजे जाणणे, विचार करणे. खंत वाटण्यासाठी 'मेतामेलोमाई' हे वेगळे क्रियापद आहे. मत्तय ते यहूदासाठी वापरतो. यहूदाने तीस नाणी परत केली आणि गळफास घेतला. खंत होती, पुढची वाट नव्हती. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात मूळ आज्ञेचे 'प्रायश्चित्त करा' झाले. सोळाव्या शतकात इरॅस्मसने त्यावर आक्षेप घेतला.

मात्र नुसत्या व्युत्पत्तीवर भिस्त ठेवू नये. शब्दाचा वापर पाहावा. लूकच्या तिसऱ्या अध्यायात योहान मनपालटाला साजेशी फळे मागतो. लोक विचारतात, आम्ही काय करावे? ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्याहून अधिक घेऊ नये. शिपायांनी धाकाने पैसे उकळू नयेत. रडा, असे तो कोणालाही सांगत नाही.

आपल्याला हा विचार परका नाही. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची अवस्था आहे. आणि त्या मनाला शास्त्रांच्या पावित्र्याचा आधार आहे. तो आधार सोडल्याशिवाय मन बदलणार नाही. गांधीजींनी त्याच वर्षी 'हरिजन'मधून उत्तर देताना वर्णाचे समर्थन केले. म्हणजे खंत होती, परंतु पाहण्याची चौकट तीच राहिली.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, वर्ध्याहून जवळच नागपुरात, लाखोंनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. जुनी दैवते, जुने विधी नाकारले आणि नवे आचरण स्वीकारले. ज्यांनी अन्याय केला त्यांच्याकडून मागितलेली मनपालट, ज्यांनी तो सोसला त्यांनी आधी करून दाखवली.

म्हणून कोणी हृदयपरिवर्तनाची भाषा बोलू लागला की आपण योहानाच्या श्रोत्यांचाच प्रश्न त्याच्यापुढे ठेवावा: मग आता करणार काय? जमीन, पाणी, नोकरी, लग्नसंबंध यांत काय बदलणार? उत्तरात नुसती खंत असेल, तर ते क्रियापद अजून त्याच्यापर्यंत पोचलेले नाही.