सांडपाण्यातील रसायने आणि सूर्यप्रकाश : प्रकाश-उत्प्रेरणाचा आढावा

सांडपाणी शुद्ध करण्याची आजची बहुतेक व्यवस्था जिवाणूंच्या बळावर उभी आहे. 1914 साली मँचेस्टर येथे अ‍ॅर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेल्या सक्रियित गाळ पद्धतीपासून आजच्या औद्योगिक वसाहतींतील सामूहिक प्रक्रिया केंद्रांपर्यंत सर्वत्र, पाण्यातील सेंद्रिय द्रव्य सूक्ष्मजीवांनी खाऊन संपवावे, हेच तत्त्व वापरले जाते. परंतु कापडाचा रंग धुण्याने आणि उन्हाने विटू नये म्हणून बनवलेले ॲझो रंग, शेतात टिकून राहावीत म्हणून घडवलेली कीडनाशके आणि जिवाणूंनाच मारण्यासाठी तयार केलेली प्रतिजैविके यांच्यापुढे ही व्यवस्था अपुरी पडते. हैदराबादजवळच्या पटानचेरू येथे सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून प्रक्रियेनंतर बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडिश संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात जेवढे औषध सापडते, त्याहूनही हे प्रमाण अधिक होते.

सक्रियित कोळसा किंवा पटल-गाळणी अशी द्रव्ये पाण्यातून वेगळी काढू शकते. पण ती नष्ट होत नाहीत, कोळशात किंवा गाळणीच्या उरलेल्या दाट द्रावणात साठून राहतात आणि त्यांची विल्हेवाट लावण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. रेणू मोडून त्याचे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार होईपर्यंत ऑक्सिडीकरण करणे, म्हणजेच त्याचे खनिजीकरण करणे, हा यावरचा खरा उपाय आहे आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तो साधण्याची शक्यता प्रकाश-उत्प्रेरणात दिसते.

या प्रक्रियेत टायटॅनियम डायऑक्साइडसारखा अर्धवाहक पदार्थ वापरतात. त्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात उडी घेतो आणि मागे धनभारित रिक्त जागा, म्हणजे ‘होल’, राहते. इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो, तर होल पाण्यापासून हायड्रॉक्सिल मुक्तमूलक तयार करते. ओझोनपेक्षाही तीव्र असलेला हा ऑक्सिडीकारक समोर येणाऱ्या जवळजवळ कोणत्याही सेंद्रिय रेणूवर हल्ला करतो. मात्र त्याचे आयुष्य अत्यंत अल्प असल्यामुळे प्रदूषकाला उत्प्रेरकाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचावे लागते. शिवाय बहुतेक इलेक्ट्रॉन आणि होल काही काम करण्याआधीच एकमेकांत विलीन होतात. प्रकाशाचा फार थोडा अंश कारणी लागतो, याचे हे एक मोठे कारण होय.

टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढऱ्या रंगलेपातील नेहमीचे द्रव्य आहे आणि उन्हात भिंतीवरचा रंग भुकटी होऊन सुटतो, त्यामागे त्याचा हाच गुण असतो. या गुणाकडे उपयुक्त म्हणून पाहण्याची दिशा जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी 1972 साली दिली. या पदार्थाच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन होते, हे त्यांनी दाखवले. त्यांचा रोख ऊर्जेकडे होता. परंतु 1976 मध्ये कॅनडातील कॅरी आणि सहकाऱ्यांनी याच मार्गाने क्लोरीनयुक्त बायफिनाइल रेणू मोडता येतात असे दाखवले, तर 1977 मध्ये अमेरिकेतील फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातील सायनाइडचे ऑक्सिडीकरण केले, आणि जलशुद्धीचे एक नवे क्षेत्र आकाराला आले.

प्रयोगशाळेतून उन्हात येताना या क्षेत्राला अभियांत्रिकीची जोड लागली. स्पेनमधील अल्मेरिया प्रांतात, ताबेर्नासच्या वाळवंटी भागात असलेल्या सौर संशोधन केंद्राने काचेच्या नळ्यांमागे विशिष्ट वक्रतेचे परावर्तक बसवलेले संग्राहक विकसित केले. सूर्याचा पाठलाग न करताही ते थेट आणि विखुरलेला असा दोन्ही प्रकारचा प्रकाश नळीतील पाण्यावर टाकतात. अतिनील किरणांचा मोठा भाग आकाशात विखुरलेला असल्यामुळे ही रचना महत्त्वाची ठरली. याच प्रांतात कीडनाशकांच्या रिकाम्या प्लॅस्टिक डब्यांच्या धुण्याचे पाणी शुद्ध करण्यासाठी सौर संग्राहकांचा प्रकल्प उभा राहिला. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडऐवजी फोटो-फेंटन पद्धत वापरली गेली. या पद्धतीत लोहाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात आणि वापरले गेलेले लोह प्रकाशामुळे पुन्हा मूळ अवस्थेत येते. तिला दृश्य प्रकाशाचाही काही भाग उपयोगी पडतो व ती वेगवान आहे; मात्र ती सुमारे 2.8 या आम्लतादर्शक मूल्याला सर्वांत चांगली चालत असल्याने पाणी आधी आम्ल करावे लागते, नंतर उदासीन करावे लागते आणि लोहाचा गाळ हाताळावा लागतो.

टायटॅनियम डायऑक्साइडची मूळ मर्यादा वेगळी आहे. त्याच्या ॲनाटेज या स्फटिकरूपाला 387 नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो आणि जमिनीवर येणाऱ्या सौरऊर्जेत अतिनील भाग जेमतेम 4 ते 5 टक्के असतो. म्हणून नायट्रोजन मिसळलेले टायटॅनियम डायऑक्साइड, बिस्मथ व्हॅनाडेट, ग्राफाइटसदृश कार्बन नायट्राइड अशा दृश्य प्रकाशात काम करणाऱ्या पदार्थांचा शोध गेली दोन दशके जोरात चालू आहे. या शोधाचे मोजमाप मात्र पुष्कळदा मिथिलीन ब्लू या रंगाच्या फिकटण्यावर केले जाते आणि येथे सावध राहणे आवश्यक आहे. हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषून उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देऊ शकतो, त्यामुळे तो फिकटला म्हणून उत्प्रेरक दृश्य प्रकाशात कार्यक्षम आहे असे सिद्ध होत नाही. शिवाय रंग गेला तरी रेणूचे अदृश्य तुकडे पाण्यात उरू शकतात. एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला आणि पाण्याची विषारीता कमी झाली की नाही, हे तपासल्याशिवाय शुद्धीचा दावा पूर्ण होत नाही.

महाराष्ट्रासाठी हा विषय दूरचा नाही. इचलकरंजीच्या कापड-प्रक्रिया उद्योगांमुळे पंचगंगेपुढे उभा राहिलेला प्रश्न, तारापूर आणि लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखाने, ही सर्व त्याची क्षेत्रे आहेत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांनी 2004 साली प्रगत ऑक्सिडीकरण पद्धतींचा घेतलेला आढावा जगभर संदर्भासाठी वापरला जातो, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवारणी पद्धतीने काचेवर धातू-ऑक्साइडांचे पातळ थर देऊन त्यांच्या साहाय्याने प्रदूषके मोडण्याचे काम झाले आहे. असा स्थिर थर दिल्याने पाण्यातून सूक्ष्म भुकटी गाळून परत मिळवण्याची अडचण टळते, पण प्रदूषकाशी होणारा संपर्क कमी होतो. टायटॅनियमचे खनिज असलेले इल्मेनाइटही रत्नागिरीच्या किनारी वाळूत आहे.

तरीही रंगाईच्या प्रत्यक्ष सांडपाण्यात हे तंत्र थेट वापरणे शहाणपणाचे नाही. ते पाणी गडद असल्याने प्रकाश आतपर्यंत पोहोचत नाही. त्यातील क्लोराइड आणि बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना वाटेतच खाऊन टाकतात, आणि रंग बसवण्यासाठी वापरलेले मीठ या प्रक्रियेने अजिबात कमी होत नाही. म्हणून प्रकाश-उत्प्रेरणाने जिवाणूंची जागा घ्यावी असा आग्रह चुकीचा आहे. त्याने त्यांना जोड द्यावी. विषारी, दाट, पण थोड्या प्रमाणातील पाणी कारखान्यातच वेगळे ठेवून, रेणू जिवाणूंना पचतील इतपत मोडून मग ते पुढे पाठवावे, किंवा जैविक प्रक्रियेनंतर उरलेली अत्यल्प औषधे व कीडनाशके शेवटच्या टप्प्यात उथळ तळ्यांत संपवावीत, या दोन जागी त्याचा खर्च सार्थकी लागतो.

पन्नास वर्षांच्या संशोधनानंतर या क्षेत्राची उणीव नव्या पदार्थांची राहिलेली नाही. शुद्ध पाण्यात विरघळवलेल्या रंगाऐवजी कारखान्याच्या नाल्यातील पाण्यावर, वर्षभराच्या उन्हा-पावसात, प्रति घनमीटर खर्चासह घेतलेल्या चाचण्या आता हव्या आहेत. विद्यापीठे, प्रक्रिया केंद्रे आणि प्रदूषण नियंत्रण यंत्रणा यांनी अशा चाचण्यांसाठी एकत्र येणे, हे नद्यांकाठी राहणाऱ्या प्रत्येकाचे न्याय्य मागणे आहे.